वापरलेली गाडी घेताना चासी नंबर कसा तपासावा

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर माझ्या मावसभावाने एक वापरलेली हॅचबॅक पसंत केली होती. गाडी एमएच १२ पासिंगची, पांढरी, एकाच मालकाने वापरलेली असे सांगितले गेले होते आणि तिची किंमत बाजारभावापेक्षा साठेक हजारांनी कमी होती. आरसी, विमा आणि पीयूसी हे कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये व्यवस्थित लावलेले होते आणि त्यांवरचे सगळे क्रमांक एकमेकांशी तंतोतंत जुळत होते. मोटार विम्याच्या दाव्यांचे सर्वेक्षण हे माझे रोजचे काम असल्यामुळे इसार देण्यापूर्वी भावाने मला सोबत नेले. कात्रजच्या पुढे एका मोकळ्या प्लॉटवर ती गाडी उभी होती. त्या मॉडेलचा चासी नंबर पुढच्या डाव्या सीटखालच्या पत्र्यावर असतो, म्हणून मी सीट मागे सरकवली, कार्पेटची झडप उचलली आणि टॉर्च आडवा धरला. नंबर आरसीवरच्या नंबराशी जुळला. मात्र त्याच्या भोवती, रंगाच्या थराखाली, साधारण पोस्टकार्डाएवढ्या चौकोनाची एक बारीक रेघ उमटलेली दिसत होती. नख लावल्यावर तिथला लेप मऊ लागला, कंपनीच्या सीलरसारखा कडक नव्हता. जवळच्या गॅरेजमधल्या खड्ड्यावर गाडी घेऊन खालून पाहिले, तेव्हा त्याच चौकोनाच्या कडेने वेल्डिंगची गाठाळ ओळ स्पष्ट दिसली.

नंबर खरा होता, पण तो दुसऱ्या गाडीच्या पत्र्यासकट कापून या गाडीत बसवलेला होता. विक्रेत्याचे म्हणणे असे, की गाडीला कधीतरी पत्रा मारला असेल. आम्ही इसार न देता परत आलो. त्या दिवशी भावाने केलेली तपासणी पुण्यातले बहुतेक ग्राहक करतात तशीच होती. एक कागद दुसऱ्या कागदाशी ताडून पाहिला, आणि गाडीच्या धातूशी मात्र एकही कागद ताडला नाही. वापरलेल्या गाडीच्या व्यवहारात सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून हा नंबर काय असतो, तो कसा बदलला जातो आणि तो बदललेला आहे की नाही हे सामान्य माणसाने कसे ओळखावे, हे येथे सविस्तर लिहितो.

सतरा अक्षरांची ओळख

आजच्या प्रत्येक मोटारीला आणि दुचाकीला सतरा अक्षरांचा एक ओळख क्रमांक असतो. बोलताना आपण त्याला चासी नंबर म्हणतो, तर तांत्रिक भाषेत तो व्हीआयएन या नावाने ओळखला जातो. त्याची रचना आयएसओ ३७७९ या आंतरराष्ट्रीय मानकावर आधारलेली आहे. इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे १ आणि ० या अंकांसारखी दिसतात, त्यामुळे ती या क्रमांकात कधीही वापरली जात नाहीत. एखाद्या आरसीवर किंवा पत्र्यावर सतरा अक्षरी क्रमांकात ‘ओ’ स्पष्ट दिसत असेल, तर एकतर तो शून्य आहे किंवा काहीतरी गडबड आहे, एवढे लगेच ध्यानात घ्यावे. पहिली तीन अक्षरे उत्पादकाची असतात. टाटा मोटर्सच्या गाड्यांचा क्रमांक एमएटी या अक्षरांनी सुरू होतो, महिंद्राचा एमए१ ने, मारुती सुझुकीचा एमए३ ने आणि बजाज ऑटोच्या दुचाकींचा एमडी२ ने. पिंपरी, चाकण आणि आकुर्डी हे पत्ते पुणेकरांना पाठ असतात, पण आपल्याच परिसरात बनलेल्या गाडीची ही तीन अक्षरे फार थोड्यांना ठाऊक असतात. त्यांपुढची अक्षरे मॉडेल, इंजिनाचा प्रकार, उत्पादनाचा काळ आणि कारखाना सांगतात, तर शेवटचे आकडे त्या एकट्या गाडीचा अनुक्रमांक असतात.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२२ प्रमाणे हा क्रमांक आणि उत्पादनाचा महिना-वर्ष वाहनावर ठोकलेला किंवा कोरलेला असणे बंधनकारक आहे. भारतातल्या गाड्यांसाठी याबाबतचे तपशील एआयएस ०६५ या मानकात दिलेले आहेत. येथे एक सावधगिरी सांगायला हवी. परदेशी संकेतस्थळांवर हा क्रमांक टाकून ‘खरा की खोटा’ तपासण्याची सोय असते, परंतु ती उत्तर अमेरिकेत सक्तीचा असलेला नववा तपासणी-अंक गृहीत धरून चालते. भारतात तो अंक सक्तीचा नसल्यामुळे आपल्याकडची पूर्णपणे निर्दोष गाडीही तिथे अवैध ठरू शकते. तशा निकालावर विसंबून निष्कर्ष काढू नये.

इंजिनावरचा क्रमांक वेगळा असतो आणि त्याची रचना प्रत्येक कंपनीची आपापली असते. इंजिन बदलता येते, म्हणून गाडीची मूळ ओळख चासी नंबरातच धरली जाते. तरीही आरसीवर दोन्ही क्रमांक असतात आणि दोन्ही धातूशी जुळायला हवेत.

नंबर बदलण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग म्हणजे आहे त्या नंबरावरच हात चालवणे. चोरीच्या गाडीचा नंबर ग्राइंडरने घासून सपाट केला जातो आणि त्या जागी हातपंचांनी दुसरा ठोकला जातो. काही वेळा संपूर्ण नंबर न घासता दोनतीन अंकच फिरवले जातात. ठोकलेल्या अंकात रेघ वाढवता येते, असलेली रेघ सहजासहजी काढता येत नाही. त्यामुळे ३ चा ८ होतो, इंग्रजी एफ चा ई होतो आणि पी चा आर होतो. याच्या उलट बदल करायचा तर आधी घासावे लागते. म्हणून नंबरात ८, ई किंवा आर असेल, तर त्या अक्षराच्या सर्व रेघा सारख्याच खोल आहेत का, हे मी आवर्जून पाहतो.

दुसरा मार्ग आमच्या मावसभावाच्या प्रसंगातला. तो समजून घ्यायचा तर ‘टोटल लॉस’ ही गोष्ट समजून घ्यावी लागते. मोठ्या अपघातात किंवा पुरात गाडीचे इतके नुकसान होते, की ती दुरुस्त करण्याचा खर्च विम्याच्या रकमेच्या जवळ किंवा तिच्या पलीकडे जातो. तेव्हा विमा कंपनी मालकाला पैसे देऊन मोकळी होते आणि उरलेला सांगाडा भंगाराच्या भावात विकला जातो. वास्तविक अशा गाडीची नोंदणी रद्द व्हायला हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचे असते. प्रत्यक्षात कित्येकदा हे कोणीच करत नाही आणि सांगाड्यासोबत जिवंत आरसीही हातोहात फिरत राहते. ज्या भंगाराचे लोखंड म्हणून फारसे मोल नाही, त्याला मोठी किंमत मिळू लागली, तर ती किंमत बहुधा त्या आरसीची असते. मग त्याच मॉडेलची, त्याच रंगाची चोरीची गाडी आणायची, भंगारातल्या गाडीचा नंबराचा पत्रा कापून तिच्यात जोडायचा, आणि कागदोपत्री अपघातग्रस्त गाडी ‘दुरुस्त होऊन’ रस्त्यावर आली असे दाखवायचे. कागद अस्सल, नंबर अस्सल, ठसाही कारखान्याचा. खोटी आहे ती केवळ त्या नंबराभोवतालची गाडी. नुसते अंक वाचणारा माणूस इथे हमखास फसतो.

तिसरा मार्ग क्लोनचा. दुसऱ्या शहरात व्यवस्थित चालू असलेल्या, त्याच मॉडेलच्या गाडीचा नोंदणी क्रमांक आणि चासी नंबर मिळवून तोच चोरीच्या गाडीवर ठोकला जातो आणि आरसीची नक्कल तयार केली जाते. अशा वेळी एकाच ओळखीच्या दोन गाड्या रस्त्यावर असतात. खऱ्या मालकाला ज्या गावात तो कधी गेलाच नाही तिथले ई-चलन येते, तेव्हा कुठे त्याला शंका येते. खरेदीदाराला मात्र सरकारी ॲपवर सगळे बरोबरच दिसते, कारण ती माहिती खरीच असते. फक्त ती दुसऱ्या गाडीची असते.

धातू कसा वाचावा

गाडी नेहमी दिवसाउजेडी पाहावी. विक्रेता संध्याकाळनंतर बोलावत असेल किंवा भर पावसात, तर दुसरी वेळ मागावी. नंबराची जागा मॉडेलप्रमाणे बदलते. मोटारींमध्ये तो बहुधा इंजिन आणि केबिन यांमधल्या आडव्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटखाली असतो. मोटरसायकलींमध्ये हँडलच्या मानेवर असतो आणि स्कूटरमध्ये सांगाड्याच्या एखाद्या नळीवर किंवा पट्टीवर असतो. नेमकी जागा गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेली असते, आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमधला कोणताही मेकॅनिक ती सांगू शकतो.

जागा सापडली की रॉकेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने धूळ आणि ग्रीस पुसून घ्यावे आणि टॉर्च समोरून न मारता जवळजवळ पत्र्याला समांतर धरावा. तिरप्या उजेडात प्रत्येक खाचेची सावली पडते आणि खोली कळते. कारखान्यातला ठसा यंत्राने उमटतो. त्यामुळे अक्षरांची उंची, त्यांतले अंतर, खोली आणि ओळ सारखी असते. हाताने ठोकलेल्या नंबरात एखादे अक्षर किंचित कललेले असते, एखादे एका कडेला खोल आणि दुसऱ्या कडेला उथळ असते, एखाद्याला पंच उडाल्यामुळे दुहेरी कड आलेली असते. नंतर बोटाचे टोक नंबरावरून आणि मग शेजारच्या पत्र्यावरून फिरवावे. ग्राइंडर फिरलेली जागा आसपासच्या पत्र्यापेक्षा दबलेली लागते आणि तिथे समांतर बारीक ओरखडे असतात. गंज खरा असेल तर तो वेडावाकडा, ठिपक्याठिपक्यांनी खातो. सरळ रेषांत खात नाही. पुण्याच्या पावसात चार-पाच पावसाळे उघड्यावर काढलेल्या दुचाकीचा नंबर गंजलेला असणे स्वाभाविक आहे, त्यामुळे निव्वळ गंज दिसला म्हणून गाडी नाकारण्याचे कारण नाही. उलट दहा वर्षांच्या गाडीत बाकी सगळीकडे धूळ आणि डाग असताना नंबराची तेवढीच पट्टी नव्या काळ्या रंगाने चमकत असेल, तर ती अधिक चिंतेची गोष्ट आहे.

यानंतर पेन्सिलचा ठसा घ्यावा. आरटीओच्या कामासाठी एजंट जो ‘चासी प्रिंट’ काढतात तोच हा. पातळ कागद नंबरावर चिकटपट्टीने बसवायचा आणि मऊ शिशाची पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासायची. डोळ्यांना न दिसणारे फरक या ठशात दिसतात. घासलेल्या जुन्या अंकाची अर्धवट कड, वेल्डिंगचा उंचवटा, बुजवलेली पुट्टी हे सगळे कागदावर राखाडी छटांमध्ये उतरते. मी आणखी एक उपाय सुचवतो, जो फुकट आहे आणि फार उपयोगी पडतो. पुण्यातल्या कोणत्याही मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची, साधारण त्याच वर्षाची एखादी गाडी सापडतेच. मालकाला विचारून तिच्याही नंबराचा ठसा घ्यावा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. अक्षरांची घडण, आकार आणि अंतर यांत फरक असेल तर तो वेगळा सांगावा लागत नाही.

घासलेल्या नंबराबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे. रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात बसून नाव घालणारा कारागीर यंत्राच्या सुईने ठिपक्याठिपक्यांनी अक्षरे उमटवतो, आणि कारखान्यांमध्ये नंबर उमटवण्याची एक पद्धतही जवळजवळ अशीच, ठिपक्यांची असते. सुई किंवा पंच धातूवर आदळतो तेव्हा दिसणारी खाच वरवरची असते, पण त्या खाचेखालचा धातू त्याहून बऱ्याच खोलपर्यंत दाबला गेलेला असतो आणि त्याच्या कणांची मांडणी बदललेली असते. वरची खाच घासून टाकली तरी खालचा दाबलेला धातू तसाच राहतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत ती जागा आरशासारखी गुळगुळीत करून तिच्यावर ठरावीक रसायन लावतात. पोलादासाठी ते बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल आणि क्युप्रिक क्लोराइड यांचे मिश्रण असते. दाबलेला धातू आणि न दाबलेला धातू यांवर या रसायनाची क्रिया वेगवेगळ्या वेगाने होते, आणि काही वेळाने मूळ अंक पुसट सावलीसारखे वर येतात. पुण्यात गणेशखिंड येथे राज्याची प्रादेशिक न्यायसहायक विज्ञान प्रयोगशाळा आहे. हे प्रयोग घरी कोणीही करू नयेत. आम्ल धोकादायक असते आणि त्यात पुरावाही नष्ट होतो. मात्र ‘एकदा घासला की मूळ नंबर कोणाला कळणार’ असे कोणी म्हणत असेल, तर ते खरे नाही, हे लक्षात असावे. अर्थात धातू फार खोलवर घासला असेल, किंवा तेवढा पत्राच कापून टाकला असेल, तर हा उपाय चालत नाही.

ओळख गाडीच्या इतर अंगांवरही विखुरलेली असते. दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली कंपनीची पट्टी असते. तिच्यावरचा क्रमांक ठोकलेल्या क्रमांकाशी जुळला पाहिजे आणि तिचे रिव्हेट बदललेले नसावेत. सीटबेल्टच्या मुळाशी शिवलेल्या लेबलावर बेल्टची उत्पादन तारीख असते, आणि काचांवर उत्पादनकाळ दाखवणाऱ्या खुणा असतात. एखादी काच नंतर बदललेली असू शकते, पण २०१९ ची म्हणून विकल्या जाणाऱ्या गाडीतले चारही सीटबेल्ट २०२१ चे निघाले, तर त्याचे समाधानकारक उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये. अलीकडच्या मोटारींच्या संगणकातही चासी नंबर साठवलेला असतो. गॅरेजमधला स्कॅनर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला की बहुतेक गाड्यांमध्ये तो पडद्यावर येतो. पत्रा कापून जोडणारा माणूस हा संगणक बदलायला अनेकदा विसरतो, म्हणून स्कॅनिंगसाठी द्यावे लागणारे थोडे पैसे मला सर्वांत सार्थकी लागलेला खर्च वाटतो.

नंबर प्लेटही पाहावी. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची आहे, आणि महाराष्ट्रात त्याआधीच्या गाड्यांनाही ती बसवणे बंधनकारक करण्यात आले. या प्लेटवर अशोकचक्राचा होलोग्राम आणि खाली डावीकडे लेसरने कोरलेला क्रमांक असतो, आणि ती पुन्हा वापरता न येणाऱ्या कुलपी रिव्हेटने बसवलेली असते. चारचाकीच्या पुढच्या काचेवर आतून लावलेल्या स्टिकरवर नियमाप्रमाणे नोंदणी क्रमांकासोबत इंजिन आणि चासी क्रमांकही असतात. प्लेट साध्या स्क्रूने बसवलेली दिसली किंवा स्टिकर खरवडून काढलेला दिसला, तर त्याचे कारण विचारावे.

नोंदी कुठे आणि कशा पाहाव्यात

परिवहन विभागाच्या वाहन या प्रणालीत किंवा एमपरिवहन ॲपमध्ये नोंदणी क्रमांक टाकला की मॉडेल, नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची मुदत आणि कर्जाचा बोजा ही माहिती दिसते. तिऱ्हाइताला मात्र चासी आणि इंजिन क्रमांकाचे काही अंक झाकलेले दिसतात. त्यामुळे मालकालाच त्याच्या स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या खात्यातून डिजिलॉकरमधली आरसी उघडायला सांगावे आणि ती गाडीजवळ उभे राहून, पत्र्यावरच्या नंबराशी एकेक अक्षर मोठ्याने वाचत ताडावी. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो किंवा लॅमिनेशन केलेली झेरॉक्स ही आरसी नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वाहन चौकशीच्या सुविधेत चासी किंवा इंजिन क्रमांकावरून ती गाडी चोरीला गेल्याची नोंद पोलिसांकडे आहे का, हे नागरिकालाही पाहता येते. तिथे नोंद नसणे म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला मात्र नव्हे, कारण बदललेल्या नंबराची चोरी कोणीच नोंदवलेली नसते.

त्याहून अधिक बोलतो तो सर्व्हिसचा इतिहास. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चासी नंबरावरून गाडी कधी, किती किलोमीटरला आणि कोणत्या शहरात आली हे कळते. मालकाने सोबत येऊन विचारले तर ते सहसा सांगतात. २०२२ मध्ये अपघाताचे मोठे एस्टिमेट झाले आणि त्यानंतर ती गाडी तिथे कधीच आली नाही, असा इतिहास निघाला, तर टोटल लॉसची शक्यता गंभीरपणे घ्यावी. विमा कंपनीकडे मागच्या दाव्यांचीही चौकशी करावी. पहिला मालक भेटणार असेल तर त्याच्याकडे मूळ विक्रीचा फॉर्म २१ आणि कंपनीचा फॉर्म २२ आहेत का, हे विचारावे. त्यांवर क्रमांक कारखान्यातून आले तसे असतात. पहिल्या मालकाशी फोनवर झालेले पाच मिनिटांचे बोलणे पुष्कळ काही सांगून जाते. ‘मालक परदेशात आहेत’ या उत्तरावर समाधान मानू नये.

परराज्यातील पासिंगची गाडी असेल तर मूळ आरटीओचा ना हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, आणि त्यावरचे दोन्ही क्रमांक विशेष काळजीने पाहावेत.

फसलेल्या खरेदीदाराचे काय होते

‘मी तर पूर्ण पैसे दिले, पावती घेतली, आरटीओत नावही चढले; मग गाडी माझी नाही कशी?’ हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे आणि त्याचे उत्तर देताना दर वेळी वाईट वाटते. वस्तू विक्री कायदा, १९३० च्या कलम २७ चा आशय असा, की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क असतो त्याहून अधिक हक्क विकत घेणाऱ्याला मिळत नाही. चोराकडे मालकी नसतेच, म्हणून त्याच्याकडून घेणाऱ्याला आणि पुढे त्याच्याकडून घेणाऱ्यालाही ती मिळत नाही, मग मध्ये कितीही प्रामाणिक माणसे असोत. गाडी मूळ मालकाची राहते. त्याला विम्याची भरपाई मिळाली असेल, तर विमा कंपनी तिच्यावर हक्क सांगते. आरसी हा नोंदणीचा दाखला आहे. तो चोरीच्या मालाचे रूपांतर कायदेशीर मालात करत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५(५) प्रमाणे गाडीवर ठोकलेला इंजिन किंवा चासी क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रातील क्रमांकाहून वेगळा आढळला, तर मालकाला म्हणणे मांडण्याची संधी देऊन नोंदणी रद्द केली जाते.

फौजदारी बाजूही आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ चोरीचा माल अप्रामाणिकपणे घेण्याबद्दल आहे, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माल चोरीचा आहे हे ठाऊक असणे किंवा तसे वाटायला पुरेसे कारण असणे, हा या कलमाचा गाभा आहे. बाजारभावापेक्षा खूप कमी किंमत, रोखीचा आग्रह, पावती न देणे या गोष्टी अशा ‘पुरेशा कारणा’च्या चर्चेत येतात. त्यामुळे प्रामाणिक खरेदीदाराने केलेली तपासणी, घेतलेले ठसे आणि बँकेतून दिलेले पैसे हे त्याच्या सद्भावनेचे पुरावे ठरतात. दरम्यान गाडी पंचनामा होऊन मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात उभी राहते. जप्त वाहने वर्षानुवर्षे ठाण्यात सडत ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सांगितले आहे. न्यायालयातून सुपूर्दनाम्यावर गाडी मिळू शकते; पण ती तुम्हाला मिळेल की मूळ मालकाला, हा वेगळा प्रश्न आहे.

ही गोष्ट उशिरा उघड होण्याचे एक कारण असे, की मालकीबदलाच्या वेळी गाडी दर वेळी प्रत्यक्ष तपासली जातेच असे नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करताना मात्र निरीक्षक नंबर पाहतो. मधल्या काळात तीन मालक होऊन गेलेले असतात आणि पहिल्या विक्रेत्याचा फोन कधीच बंद झालेला असतो.

कायदेशीर री-पंच आणि इंजिन बदल

प्रत्येक बदललेला नंबर गुन्ह्याचा नसतो. गंजामुळे नंबर वाचता येईनासा झाला किंवा अपघातात सांगाड्याचा तो भाग बदलावा लागला, तर आरटीओची परवानगी घेऊन नंबर पुन्हा ठोकता येतो. इंजिन बदलले तरी त्याची परवानगी घेऊन नवा क्रमांक आरसीवर चढवावा लागतो. म्हणून विक्रेता ‘री-पंच आहे’ असे म्हणाला तर एकच प्रश्न विचारावा: परवानगीचे पत्र आणि नोंदणीतील नोंद कुठे आहे? गॅरेजची पावती परवानगीच्या जागी चालत नाही.

व्यवहार करताना आणि नंतर

वापरलेल्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार डीलरला नोंदणी प्राधिकाऱ्याचे अधिकारपत्र घ्यावे लागते, ते पाच वर्षांसाठी असते, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना ऑनलाइन दिली जाते. हे अधिकारपत्र दाखवण्याची मागणी करणे हा तुमचा हक्क आहे. विक्री करारात नोंदणी क्रमांकासोबत पूर्ण चासी आणि इंजिन क्रमांक लिहावेत, ‘हे क्रमांक कारखान्याचे मूळ असून त्यांत फेरफार झालेला नाही, तसे आढळल्यास संपूर्ण रक्कम परत करीन’ असे वाक्य विक्रेत्याच्या सहीने घालावे, आणि त्याच कागदावर पेन्सिलचा ठसा चिकटवून त्यावर दोघांनी सही करावी. प्रामाणिक विक्रेत्याला यात काहीच हरकत नसते. फॉर्म २९ आणि ३० भरून मालकीबदल लगेच करावा. कायद्याने विकणाऱ्याने त्याच राज्यात चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचे असते.

गाडी घेऊन झाल्यावर शंका आली असेल, तर दोन गोष्टी मुळीच करू नयेत. ती गाडी घाईने दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये, कारण आता तुम्हाला कारण ठाऊक आहे आणि इथून पुढे गुन्हा तुमचा होतो. आणि ‘नंबर नीट करून देतो’ म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याच्या हाती ती देऊ नये. नंबराचे, वेल्डिंगचे आणि पट्ट्यांचे फोटो तारखेसह काढावेत. करार, बँकेच्या नोंदी आणि विक्रेत्याशी झालेले संदेश एकत्र करावेत आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. त्याची प्रत आरटीओला द्यावी. जमल्यास अर्ज करण्यापूर्वी वकिलाशी बोलून घ्यावे. फसवणुकीची फिर्याद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली होऊ शकते. विक्रेता व्यावसायिक डीलर असेल, तर पैसे परत मिळवण्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. गाडी जाईल हे बहुतेक वेळा टळत नाही. पैसे परत मिळण्याची वाट मात्र याच कागदांतून जाते, म्हणून अर्जाची पोच आणि तो पेन्सिलचा ठसा यांची मूळ प्रत कोणालाही देऊ नये, मागेल त्याला झेरॉक्स द्यावी.